गुरुजींचे शिबिर आणि मुलाची वही



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोकांनी एके ठिकाणी बसावे, चार शब्द ऐकावेत आणि पटले नाही तर तेही बोलून दाखवावे, ही चाल तेव्हापासून महाराष्ट्रात रुजली. आपल्या भागात असे सहज जमणे पुष्कळ वर्षे शक्य नव्हते. निजामाच्या अमलात 'गश्ती निशान ५३' नावाचे एक फर्मान होते. सरकारची परवानगी काढल्यावाचून जाहीर सभा भरवायची नाही, असा त्याचा मतलब. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण त्याच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत. आज कंधारात कोणाची परवानगी न काढता आपण बसलो आहोत, तेव्हा या मोकळीकीचा उपयोग एखाद्या रुक्ष पण गरजेच्या विषयासाठी करावा असे मी ठरवले.

विषय असा, की जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांना जी प्रशिक्षणे दिली जातात, त्यांतून वर्गातल्या मुलापर्यंत काय पोचते? आपण म्हणाल, हा शिक्षणखात्याचा प्रश्न; त्याचे व्याख्यान आम्हाला कशाला? पण गुरुजी शिबिराला गेले म्हणजे शाळेत त्या दिवशी काय होते, हे आपल्या घरातल्या पोराला विचारा. ते सांगेल, 'आज आमचा अन् तिसरीचा वर्ग एकच होता.' विषय खात्याचा असला तरी त्याची किंमत आपले मूल मोजते.

थोडे मागे जाऊ. हैदराबाद संस्थानात माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. उर्दूशी माझे भांडण नाही. ती या मातीत नांदलेली गोड भाषा आहे. पण ज्याच्या घरी मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलली जाई, त्या मुलाला ज्ञानाच्या दारात पाऊल टाकण्याआधी भाषेचा डोंगर चढावा लागे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबेजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, औरंगाबादचे सरस्वती भुवन अशा संस्था उभ्या राहिल्या त्या या अडचणीतून वाट काढण्यासाठी. स्वामी रामानंद तीर्थ हे आपल्याला मुक्तिसंग्रामाचे सेनापती म्हणून माहीत आहेत; त्याआधी ते हिप्परग्याच्या शाळेतले शिक्षक होते, हे आपण विसरतो.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर गावोगाव शाळा मागू लागली. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात राहिला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. आपल्या या कंधारात श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीसारखी संस्था उभी राहिली. तिच्या नावातला 'मोफत' हा शब्द त्या काळाची सगळी भूक सांगतो. शाळा निघाल्या, पण शिक्षक कोठून आणायचे? सातवी पास झालेला तरुण गावाला मिळाला तर गावाचे भाग्य. तो आधी मास्तर होई आणि अध्यापन विद्यालयात त्याचा नंबर मागाहून लागे. अशा माणसांनी देवळात, चावडीत, झाडाखाली शाळा चालवल्या. त्यांना प्रशिक्षणाची भूक खरी होती. शिकवायचे कसे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते आणि सांगणारा आला की ते कान देऊन ऐकत.

आज परिस्थिती उलटी आहे. रीतसर अध्यापन पदविका घेतल्यावाचून कोणी शिक्षक होत नाही. त्यावर पात्रता परीक्षा आहे. आणि प्रशिक्षणे तर इतकी, की एकाची प्रमाणपत्रे कपाटात ठेवावीत तोवर दुसऱ्याचे पत्र येते. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, अशी शिफारस केली की प्रत्येक शिक्षकाला नोकरीच्या दर पाच वर्षांत दोन-तीन महिने तरी शिक्षण मिळावे. म्हणजे वर्षाला बारा ते अठरा दिवस. १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. महाराष्ट्रातले त्याचे पहिले पाच जिल्हे कोणते? औरंगाबाद, परभणी, उस्मानाबाद, लातूर आणि आपले नांदेड. सगळा मराठवाडा! तेव्हा गटसाधन केंद्रे निघाली, शिक्षकामागे शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळू लागले आणि पुष्कळ शिक्षकांनी पहिल्यांदाच पुठ्ठे, बिया, चिंचोके घेऊन गणित मांडले. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानाने वर्षाला २० दिवसांच्या प्रशिक्षणाचे मान ठरवले आणि दर शिक्षकामागे दिवसाला ७० रुपये ठेवले. २०१९ साली 'निष्ठा' आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला किमान ५० तास सांगितले. दिवसाचे सहा तास धरले तर आठ-साडेआठ दिवस होतात. कोठारींच्या हिशेबापेक्षा हे कमीच आहे, पण तो भाग सोडून देऊ. दिवस किती, याने माझे समाधान होत नाही. त्या दिवसांत बोलतो कोण आणि कशाविषयी, हे मला पाहायचे आहे.

हे प्रशिक्षण खाली कसे येते पाहा. राज्याच्या ठिकाणी काही तज्ज्ञ एक पुस्तिका तयार करतात. जिल्ह्याचे काही लोक पुण्याला जाऊन ती शिकून येतात. ते तालुक्याच्या लोकांना शिकवतात, तालुक्याचे लोक केंद्राच्या शिक्षकांना. बारूळच्या धरणाखाली ज्याचे शेत आहे त्याला 'टेल' हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. कालव्याच्या तोंडाशी पाणी धो धो वाहते, कागदावर ते शेवटच्या शेतापर्यंत गेलेले असते आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीत उभा राहून वर पाहतो. प्रशिक्षणाचेही असेच होते. त्यात आणखी एक दुर्दैव असे की इथे टेलच्या माणसाला कोणी विचारतच नाही, की बाबा, तुझ्या शेतात पीक कोणते आहे?

शब्द मात्र शेवटपर्यंत पोचतात. १९९१ नंतर 'किमान अध्ययन क्षमता' आल्या. मग 'आनंददायी शिक्षण' आले. २०१० साली 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' आले, पुढे 'ज्ञानरचनावाद' आला, २०१७ नंतर 'अध्ययन निष्पत्ती' आणि २०२१ पासून 'पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान'. यांतला एकही विचार वाईट नाही. उलट बहुतेक चांगले आहेत. पण दर पाच-सात वर्षांनी शब्द बदलला की अनुभवी शिक्षक मनाशी एक निदान करतो: हाही जाईल. तो वही काढतो, नवा शब्द लिहून घेतो, सही करतो, जेवतो आणि गाडी पकडतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. मला तो थकलेला वाटतो.

आता मी ज्या वहीसाठी हे व्याख्यान करतो आहे तिच्याकडे येतो. तिसरीतल्या मुलाची वही डोळ्यांपुढे आणा. गणित आहे: ५२ वजा १७. मुलाने उत्तर लिहिले आहे ४५. गुरुजींनी लाल शाईने फुली मारली. पुढचे गणित ६३ वजा २८, उत्तर ४५, पुन्हा फुली. पाच गणिते, पाच फुल्या, खाली शेरा: सराव करा. बाप ती वही पाहतो आणि म्हणतो, पोराचे डोके चालत नाही. पण थोडे थांबून पाहा. ५२ मधून १७ घालवताना मूल एककाच्या घरात गेले. तेथे वर २, खाली ७. त्याला शिकवलेले आहे की मोठ्यातून लहान वजा करायचा. त्याने ७ मधून २ काढले, उरले ५. मग ५ मधून १ काढला, उरले ४. उत्तर ४५. प्रत्येक वेळी त्याने हेच केले. म्हणजे त्याचे डोके चालत नाही असे नाही. ते अगदी इमानाने एका नियमाने चालते आहे आणि तो नियम आपणच त्याला अर्धवट दिलेला आहे. हातचा घेणे म्हणजे एक दहा सोडून त्याचे सुटे दहा करणे, हे त्याला कळलेले नाही. त्याच मुलाला आठवडी बाजारात उभे करा. भाजीच्या पाटीशी बसलेल्या आईला तो सांगतो, बावन्न आले होते, सतरा दिले, आता पस्तीस राहिले. तेथे तो चुकत नाही, कारण तेथे नोट मोडून सुटे करणे त्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे.

या एका वहीवर चाळीस शिक्षकांचा एक दिवस जावा, असे मला वाटते. मुलाने असे का केले असेल? माझ्या वर्गात अशी किती मुले आहेत? चिंचोक्यांनी दाखवावे की नोटांनी? दोन्ही करून पाहू आणि पुढच्या महिन्यात वह्या घेऊन येऊ. असे झाले तर शिक्षक काही घेऊन वर्गात जाईल आणि वर्गातून काही घेऊन शिबिरात परत येईल.

दुसरे उदाहरण घ्या. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची एक नवी रीत आली: 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असेही म्हणावे. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधिमंडळात थट्टा झाली, वर्तमानपत्रांत विनोद झाले. मराठीचा खून झाला असे कोणी म्हणाले. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. ती रीत बरोबर की चूक, याचा निवाडा मी इथे देत नाही. पण एक गोष्ट दुसरीचा कोणताही शिक्षक जाणतो. 'पंचवीस' म्हटले की कितीतरी मुले आधी ५ लिहितात आणि मग २, कारण कानाला पाच आधी ऐकू येतो. पंचवीसचे बावन्न होतात. हा अनुभव हजारो वर्गांत रोज येतो. त्या वादात मात्र तो सांगायला शिक्षक व्यासपीठावर दिसला नाही. ज्याला सर्वांत जास्त माहीत होते त्याला सर्वांत कमी विचारले गेले.

आपल्या तालुक्यात तर पुस्तिकेत न मावणाऱ्या गोष्टी पावलोपावली आहेत. तांड्यावरचे मूल पहिलीत येते. घरी ते आईला 'याडी' म्हणते, भाकरीला 'बाटी' म्हणते. चित्राखाली 'आई' असे छापलेले असते. गुरुजी विचारतात, हे कोण? मूल गप्प. ते मुके नाही. त्याच्याजवळ शब्द आहे, पण तो शाळेत चालत नाही असे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलेले आहे. तांड्यावरचे राहू द्या, आपल्या गावातले मराठी मूलसुद्धा 'काय करूलालास?' असे विचारते आणि पुस्तक म्हणते 'काय करत आहेस?'. एकेकाळी भाषेचा डोंगर निजामाने उभा केला, असे आपण म्हणतो. आज पहिलीच्या दारातली ही टेकडी कोणी उभी केली? गोरमाटी जाणणारे शिक्षक या जिल्ह्यात आहेत. त्यांना एक दिवस इतर शिक्षकांपुढे उभे करा, पन्नास-शंभर शब्द फळ्यावर लिहायला सांगा. त्याला पुण्याहून तज्ज्ञ यायला नको आणि पुस्तिका छापायलाही नको.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकाविषयी दोन गोष्टी होत्या. शिक्षक प्रशिक्षित असावा आणि होता होईल तो शेतकरी वर्गातला असावा. गरज पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजू नये. त्याला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावी १५ ते २० असावा, असेही त्यांनी लिहिले. पगाराचा आकडा इतिहासजमा झाला. पण प्रशिक्षण आणि मुलाच्या जगाची ओळख या दोन गोष्टी त्यांनी एकाच माणसात मागितल्या होत्या. पुढे आपण प्रशिक्षण घेतले आणि ओळख सोडून दिली.

यावर कोणी म्हणेल, शिक्षकांनाच नको असते. शिबिरात ते मोबाईल पाहतात. असेल. करोनाच्या काळात २०२० मध्ये 'निष्ठा'चे वर्ग 'दीक्षा' वर ऑनलाइन झाले, तेव्हा फोन टेबलावर चालू ठेवून घरकाम आटोपल्याच्या गोष्टी शिक्षक स्वतःच हसत सांगतात. पण त्या हसण्याआड काय आहे? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. वर्ग चार किंवा पाच. त्यांतला एक निवडणुकीच्या याद्यांवर, दुसरा खिचडीचा हिशेब आणि वरून मागवलेली माहिती भरण्यात. एक शिबिराला गेला की उरलेला एकटा. अशा शाळेच्या शिक्षकाला, वर्गाला एक शिक्षक आहे असे धरून केलेला पाठ दाखवला तर तो मोबाईल पाहील नाही तर काय करील? एका वेळी तीन वर्ग कसे सांभाळायचे हे त्याचे दुखणे आहे. त्याविषयी बोला, मोबाईल आपोआप खिशात जाईल.

जगात इतरत्र काय चालते? जपानमध्ये 'जुग्यो केंक्यू' नावाची पद्धत पुष्कळ जुनी आहे. शाळेतले शिक्षक मिळून एक पाठ योजतात. एकजण तो आपल्या खऱ्या मुलांना शिकवतो आणि बाकीचे वर्गात मागे, कडेला उभे राहून मुलांकडे पाहतात. कोण अडले, कोठे अडले, कोणी वेगळी वाट काढली. मग सगळे बसून त्या पाठाविषयी बोलतात. शिकवणाऱ्याच्या गुणदोषांचा हिशेब कोणी मांडत नाही. आपल्या राज्यातही एक प्रयोग झाला. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांत वर्गाची मांडणीच बदलली आणि ते पाहायला राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक गाड्या करून गेले. ही फार चांगली गोष्ट झाली, कारण ते पुस्तिका ऐकायला गेले नव्हते, वर्ग पाहायला गेले होते. पण परत आल्यावर पुष्कळ ठिकाणी काय झाले? फरशीवर चौकटी आणि अक्षरे रंगवली गेली. रंग वर्षा-दोन वर्षांत उडाला. तिथल्या शिक्षकांनी एकमेकांशी महिनोन्महिने काय बोलून हे घडवले, ते फरशीवर रंगवता येत नाही आणि एका दिवसाच्या भेटीत दिसतही नाही.

आपल्याकडे साधन तयार आहे. दहा-बारा शाळांचे मिळून एक केंद्र असते आणि महिन्यातून एकदा केंद्राची शिक्षण परिषद भरते. आज त्या परिषदेत बव्हंशी पत्रके वाचली जातात. केंद्रप्रमुखाकडे कधी दोन-दोन केंद्रे असतात. तो बिचारा माहिती गोळा करता करता दमतो. माझी मागणी लहान आहे. पत्रके तर मोबाईलवर आलेलीच असतात. ती वाचायची नाहीत. परिषद ज्या शाळेत भरते तेथल्या मुलांना तासभर थांबवून घ्यायचे, एका शिक्षकाने शिकवायचे, बाकीच्यांनी पाहायचे. प्रत्येकाने आपल्या वर्गातली एक वही आणायची, चांगल्या अक्षराची नव्हे, अडलेल्या मुलाची. आणि पुढच्या महिन्यात पहिला प्रश्न हाच: त्या मुलाचे काय झाले? अधिकाऱ्यांनी यायचे असेल तर जरूर यावे, मागे बसावे आणि त्या दिवशी शेरे लिहू नयेत.

शेरे लिहू नयेत हे मी मुद्दाम म्हणतो. जेथे आपले अडलेले मूल दाखवले की आपल्या नावापुढे लाल रेघ पडते, तेथे कोणताही शहाणा शिक्षक हुशार मुलाचीच वही आणील. माळेगावच्या यात्रेत घोडा विकणारा त्याची लंगडी बाजू गिऱ्हाइकाकडे करत नाही. शिक्षकाला विक्रेता करून ठेवायचा आणि मग तो खरे बोलत नाही म्हणून कुरकुरायचे, हे कसे चालेल?

शेवटी एका मुलाविषयी बोलतो, कारण ते कोणत्याच प्रशिक्षणात बसलेले मला आढळले नाही. दिवाळी झाली की कंधार-मुखेडच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. हंगामी वसतिगृहात काही मुले राहतात, पण धाकट्या भावंडांना सांभाळायला पुष्कळ मुली आईबापाबरोबर जातात. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात त्या परत येतात. चौथीतली मुलगी चार-पाच महिन्यांनी वर्गात येऊन बसते. पुस्तक अर्ध्याच्या पुढे गेलेले, शेजारणी बदललेल्या, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे. परीक्षेला थोडेच दिवस उरलेले. गुरुजींनी तिला त्या दिवशी कोठून सुरुवात करून द्यावी? मागच्या धड्यापासून की चालू धड्यापासून? तिने पाच महिन्यांत कोयत्यांचा हिशेब, टनांचा हिशेब, मोळ्यांची मोजदाद पाहिली आहे. ते गणित वर्गात आणायचे कसे? या सभागृहात पन्नासेक शिक्षक तरी बसलेले मला दिसतात. प्रत्येकाच्या हजेरीपटावर अशी एखादी मुलगी असेल. जूनमध्ये शाळा उघडल्यावर केंद्राची पहिली परिषद भरेल, तेव्हा पुस्तिका उघडण्याआधी कोणीतरी तिचे नाव घेऊन हा प्रश्न विचारावा. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे. ज्यांनी अशा मुलीला परत आल्यावर सावरून घेतले असेल, त्यांनी आधी बोलावे, माझ्यासाठी प्रश्न असतील ते मागाहून.